तेल्याची झापडं

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तेली होता. घाणा चालवावा तर त्यानंच! पण गडी मनातल्या मनात झुरत असे, तो एका फेट्यासाठी.

वैशाखात गावची जत्रा भरे. पाय धड असलेले सगळे डोंगरावर धावत सुटत. माथ्यावरच्या देवळातला भंडारा कपाळाला लावून जो सर्वांत आधी खाली येई, त्याला पाटील भरजरी फेटा बांधत. मग त्यानं पारावर बसून वाटेची हकिकत सांगायची, अशी रीत होती. ज्यांना आता डोंगर चढवत नव्हता, ती म्हातारी माणसं वर्षभर त्या हकिकतीसाठी जीव टाकत.

तेली दहा वर्षं धावला आणि दहा वर्षं हरला. हरेल नाही तर काय! वाटेत करवंदं दिसली की हा थांबलाच, माकडं दिसली की वाकुल्या दाखवत बसलाच.

अकराव्या वर्षी घाण्याच्या बैलाकडे बघताना त्याला युक्ती सुचली. "याच्या डोळ्यांना झापडं आहेत, म्हणून हा मुकाट चालतो. मग मीही बांधतो की!" पायापुढची वाट तेवढी दिसेल, अशी चामड्याची झापडं त्यानं शिवली. तो बैल दिवसभर चालून संध्याकाळी जिथल्या तिथंच असतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

ढोल वाजला आणि तेली सुटला! धापा टाकत वर, ठेचा खात खाली, आणि काय सांगावं, पहिला! गावानं नुसता जल्लोष केला. पाटलांनी फेटा बांधला. तेल्याची छाती आनंदानं फुलून आली.

पारावर सगळ्यांत पुढे त्याची आत्या बसली होती. पोरक्या तेल्याला तिनंच वाढवलं होतं. ती अधीर होऊन म्हणाली, "सांग रे लवकर! करवंदं पिकली का?"

"बघितली नाहीत, आत्या."

"बहावा फुलला असेल ना?"

"असेल बहुतेक."

लोक फिदीफिदी हसू लागले. आत्या मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "आणि माझा चाफा? झऱ्यामागचा? गेल्या महिन्यात वणवा लागला, तेव्हापासून जिवाला घोर आहे रे. तुझे आतोबा गेले त्या वर्षी लावला होता मी. त्याची जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

तेल्याचा चेहरा उतरला. झऱ्यावरून तो जाताना गेला होता, येतानाही आला होता.

"राहू दे," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी बघ. मी असले तर."

ते शब्द तेल्याच्या काळजात घुसले. त्यानं फेटा उतरवून पाटलांच्या हातात दिला, झापडं भिरकावली आणि भर उन्हात पुन्हा डोंगराकडे धाव घेतली.

पहिल्याच वळणावर तो थबकला. अहाहा! त्याला खाली येईपर्यंत दम निघेना. तो तिथूनच ओरडला, "आत्या! करवंदं काळीभोर झाली आहेत!"

खाली म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या वळणावरून हाक आली, "बहावा पिवळाधमक! आणि माकडिणीला पिल्लू झालंय!"

"अरे, चाफा बघ चाफा!" सगळा पार एका सुरात ओरडला.

मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. आत्यानं पदर तोंडाशी धरला.

"जळालाय गं!" वरून आवाज आला. आणि मग डोंगर दणाणला, "पण बुंध्याशी फुटवा आलाय! पाच पानं आहेत, आत्या! मोजली मी!"

आत्या हसत होती आणि रडतही होती. पाटील फेटा उडवून नाचू लागले!

दिवस कलल्यावर तेली खाली आला. ओंजळीत करवंदं, केसांत बहाव्याच्या पाकळ्या, तोंड नुसतं फुललेलं.

"या खेपेलाही माथ्यावर जाऊन आलास का रे?" पाटलांनी विचारलं.

तेल्यानं जीभ चावली. "अहो, ते राहूनच गेलं की!"

तात्पर्य एवढंच: माथा गाठायची हौस जरूर असावी, पण वाटेला डोळे मिटून धावलं तर वर पोचूनही माणूस रिकाम्या हातांनी परततो, आनंद वाटेवरच पिकलेला असतो.