कोरे खिळे

"म्हणजे छापखान्याला टाळंच लावायचं का, बुवा?"

निरंजनबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या पडवीत बसून ते शिशाच्या खिळ्यांवरची शाई फडक्यानं पुसत होते. एक खिळा म्हणजे एक अक्षर. मठाची आरत्यांची पुस्तकं अजून याच खिळ्यांनी छापली जात.

समोर बसलेला मोकाशी याच पडवीत खिळे जुळवायला शिकला. पुढे सांगलीला जाऊन त्यानं मोठा छापखाना काढला. निवडणूक आली की भले भले पुढारी त्याच्याशी जावयाशी बोलावं तसं बोलायचे. आता हँडबिलं फोनवर गेली, लग्नपत्रिकाही गेल्या. यंदा तर दिवाळीची कॅलेंडरंसुद्धा कुणी छापायला सांगितली नव्हती.

"कामगारांच्या तोंडाकडे बघवत नाही," मोकाशी म्हणाला.

"मग तू काय केलंस?"

"मी काय हातावर हात ठेवून बसणारा आहे?" मोकाशीची मान ताठ झाली. "लोक फोनवर गेले, मीही गेलो. झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना रोज मेसेज! सकाळी सुविचार, दुपारी आमचे दर, संध्याकाळी नमुने. सणावाराच्या शुभेच्छा वेगळ्या."

"आणि गिऱ्हाइकं?"

"साडीवाल्या धोत्र्यांनी मला ब्लॉक केलं, बुवा. माझं पहिलं गिऱ्हाईक." ऊस गोड लागला तरी मुळासकट खाऊ नये, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला म्हणी आठवत नाहीत, आणि मोकाशी मनातून फार घाबरला होता.

बुवांनी खिळ्यांची पेटी पुढे सरकवली.

"तुझ्या छापखान्याचं नाव जुळव बघू."

बोटं काही विसरली नव्हती. 'मोकाशी मुद्रण मंदिर. सर्व प्रकारची छपाई सुबक व वेळेवर.' त्यानं ओळी लोखंडी चौकटीत आवळल्या आणि चौकट उचलून दाखवली. एक खिळा हलला नाही. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं.

"ठेव खाली."

बुवांनी चौकट सैल केली. शब्दांच्या मधे आणि ओळींच्या कडेला शिशाचेच कोरे खिळे असतात. त्यांच्यावर अक्षर नसतं, त्यांना शाई लागत नाही, कागदावर ते कधीच उमटत नाहीत. बुवांनी चिमट्यानं ते एकेक करून काढून घेतले.

"उचल आता."

"कसं उचलू? सांडेल सगळं."

"का? अक्षर तर मी एकही काढलं नाही."

गुरूचा शब्द मोडवेना म्हणून मोकाशीनं चौकट उचलली.

खळकन सगळं नाव फरशीवर सांडलं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. संध्याकाळचे नमुने आपोआप सगळ्यांना गेले होते.

मोकाशीनं फोन काढला, बंद केला आणि गुडघ्यावर बसून अक्षरं वेचू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"धोत्रे परत येतील का हो, बुवा?"

बुवांनी ते कोरे खिळे त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ मिटली. मूठ चांगलीच जड झाली.

"आधी त्यांना हे पाठव."