ग्रीसच्या पाटावरचा हिरा

“चिकटला का काही?” फकिराने विचारलं.

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईशप्पथ. फक्त तो फकीर नव्हता. निवृत्त भूशास्त्रज्ञ होता. मुकादम सर, दापोलीकडचे. पण ती दाढी, तो एकुलता सदरा आणि समोरच्याला छळायची खोड पाहता फकीर म्हटलं तरी पाप लागणार नाही.

उर्मिला पानवलकर त्यांची शिष्या. विंध्याच्या एका माळावर तिला किंबरलाइट सापडला होता. जमिनीच्या पोटातून गाजरासारखा वर घुसलेला खडक. हिरे असले तर त्यात असतात. बहुतेकदा नसतातच. हे तिला ठाऊक होतं, पण ते इतरांच्या खडकाबद्दल.

ट्रकच्या ट्रक खडक फोडून, धुऊन झाला होता. उरलेली जड रेती ग्रीस फासलेल्या पाटावरून वाहत होती. हिरा असेल तर ग्रीसला चिकटतो, बाकीचं पाणी घेऊन जातं. आजवर सगळंच पाणी घेऊन गेलं होतं. उद्या खर्च उचलणाऱ्या कंपनीचे लोक येणार होते. पाट कोराच राहिला, तर तंबू उठणार आणि बाईंची उमेदीची वर्षं त्या माळात पुरली जाणार.

ती पाटापाशी जाई, तंबूत येई, चहा ओती, न पिताच परत जाई. सर म्हणाले, इतकी घाई त्या खडकालाही वर येताना नसेल.

“तुम्हाला थट्टा सुचतेय.”

“मला भूक लागलीय. तू जेवू देत नाहीस.”

...

मग ती धावत आली. तळहातावर मसुराएवढा खडा.

दुसरा खड्डा कुठे घ्यायचा, खाणीला नाव काय द्यायचं, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. ज्यांनी ज्यांनी हा माळ रिकामा ठरवला होता, त्यांचाही नावानिशी उद्धार केला.

सरांनी भिंग पुढे केलं.

खड्याच्या एका अंगावर बारीकशी फुली कोरलेली होती.

“हा...”

“माझा. सकाळी शेवटच्या खडकाबरोबर क्रशरच्या तोंडात टाकला होता.”

...

“माझ्याशी असला खेळ?”

“तुझ्याशी कशाला? पाटाशी. हिरा धरतो की सोडतो, बघायला नको?”

इथे मी नेहमी सांगतो, की तिने तो खडा रागारागाने झाडीत भिरकावला. ते मी घुसडलेलं आहे, ऐकणाऱ्यांना आवडतं. खरं म्हणजे ती पाटापाशी जाऊन ग्रीसवरून बोट फिरवून आली. मग खडा त्यांच्या हातावर ठेवत हळूच म्हणाली, “पाट हिरा धरतो. म्हणजे इथे काहीच नाही.”

सरांनी खडा खिशात टाकला.

“काल हेच म्हणाली असतीस, तर मी मानलं नसतं.”