रिलिंक्विश आणि सरकारांच्या मिशा

इंग्रज एजंटसाहेबाच्या तीन ओळींच्या पत्रातला एक शब्द हिंगणगडच्या दरबारात कुणाला म्हणून उलगडेना. दिवाणांनी चष्मा पुसला, कारभाऱ्यांनी पत्र उजेडापुढे धरलं, सेनापतींनी तर ते उलटं धरून वाचलं. शब्द होता रिलिंक्विश.

शेवटी गावातल्या इंग्रजी शाळेचे आगाशे मास्तर बोलावले. त्यांनी पत्र वाचलं आणि अर्थ सांगितला. संस्थानाला मान होता नऊ तोफांच्या सलामीचा आणि मालजीराव सरकार उडवीत होते अकरा. वरच्या दोन तोफांवरचा हक्क सोडा, असं साहेब म्हणत होता.

"सोडणं होय? मग त्यात अवघड काय?" सरकार म्हणाले. "आम्ही कुत्रं सोडतो, शेताला पाणी सोडतो, जेवण जास्त झालं की कमरपट्टाही सोडतो."

"तसलं नव्हे, सरकार," मास्तर म्हणाले. "हा शब्द दरबारी आहे. रुमाल कुणी रिलिंक्विश करत नाही. हक्क करतात, गादी करतात. शिवाय हक्क आपला आपण सोडावा लागतो. हिसकावून घेतला तर तो शब्द तिथं बसत नाही."

झालं! सरकारांचा पारा चढला. पन्नास वर्षांत त्यांनी आपणहून काहीच सोडलं नव्हतं. बुद्धिबळाचा हरलेला डावसुद्धा ते समोरच्याला जांभया येईपर्यंत लांबवायचे. असला शब्द मास्तरानंच घरी बसून बनवला असणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि लगेच अट घातली. उद्या दरबार भरल्यापासून दुपारची तोफ होईपर्यंत आपली चांदीच्या मुठीची काठी आपल्या हातात राहील. काठी हातात, तर शाळेवर हक्क सरकारांचा. ती आपणहून सुटली, तर शाळा कायमची मोकळी. नाही सुटली, तर शाळेला कुलूप आणि मास्तर संस्थानाच्या वेशीबाहेर. मात्र कुणी काठीला हात लावायचा नाही, ती मागायची नाही, सरकारांना भिववायचं नाही.

बातमी रखमाजी न्हाव्याच्या घरी पोचली तेव्हा त्याची लेक भिवरा चुलीवर मेण वितळवत होती. सरकारांच्या मिशांचं मेण तिच्याच हातचं. ते वाड्यावर पोचवलं की ती शाळेच्या ओसरीवर जाऊन बसायची, आणि ऐकून ऐकून तिसऱ्या पुस्तकापर्यंत आली होती. शाळा बंद म्हणजे चौथं पुस्तक कायमचं गेलं. भिवरा आधी पोटभर रडली. मग डोळे पुसून मेणाच्या वाटीकडे बघत बसली. कालच सरकारांनी बुद्धिबळात दिवाणांवर मात केली होती आणि मिशा पुन्हा बसवायला रखमाजीला तातडीचं बोलावणं आलं होतं. भिवराला एकदम हसू फुटलं. बापाला वाटलं, पोरीला धूर लागला.

दुसऱ्या दिवशी सरकार दोन्ही मुठींत काठी आवळून गादीवर बसले. दिवाणांनी गरम जिलब्या पुढं केल्या. सरकारांनी आ केला आणि हुजऱ्याकडून भरवून घेतल्या. नाकावर माशी बसली, ती फुंकरीनं उडवली. पाठीला खाज सुटली तेव्हा अस्वलासारखी खांबाला पाठ घासली, पण काठी हलली नाही. सेनापतींनी कुस्ती लावली. निकाली डाव पडला तेव्हा सगळा दरबार टाळ्या वाजवत होता आणि सरकार टाळ्यांऐवजी पाय आपटत होते. मास्तर कोपऱ्यात गाठोडं बांधूनच बसले होते.

तोफेला थोडाच वेळ उरला तेव्हा भिवरा पुढं आली आणि तिनं मुजरा केला.

"सरकार, आम्ही हरलो," ती म्हणाली. "आणि आम्हीच नव्हे. साहेबाचा शब्द सातासमुद्रापलीकडून आला, पण हिंगणगडात सरकारांपुढं त्याचं काही चाललं नाही."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण सरकार! सरकारांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. साहेबाच्या शब्दावर मात! लहान विजयाला ते एका मिशीला पीळ देत. एवढ्या मोठ्या विजयाला एक मिशी कशी पुरणार? दोन्ही हात झपकन वर गेले, दोन्ही मिशांना एकदम पीळ बसला, आणि काठी खणखणत पायऱ्यांवरून गडगडत मास्तरांच्या गाठोड्याला येऊन टेकली.

सगळ्या माना काठीकडून सरकारांकडे वळल्या.

"दुपारची तोफ अजून व्हायची आहे, सरकार," भिवरा हळूच म्हणाली.

सरकारांनी हात पाहिले. काठी पाहिली. "पण हरले म्हणालीस ना तू?"

"म्हणाले. जिंकण्याचा हक्क मी आधी सोडला. शब्द शिकवायचा तर पहिल्यांदा आपण करून दाखवावा, असं मास्तर सांगतात. अट मात्र काठीची होती. ती कुणी हिसकावली का?"

"नाही."

"मागितली? भिववलं?"

"छे!"

"सोडताना वाईट वाटलं?"

"वाईट कसलं, इतका आनंद तर—" सरकार बोलता बोलता थांबले. पोट हललं, मग खांदे हलले, आणि मग ते असे खदाखदा हसले की मिशांचं मेण पार विस्कटलं. दिवाण हसले, कारभारी हसले. सेनापती सगळ्यांत उशिरा हसले, कारण त्यांना दिवाणांनी समजावून सांगावं लागलं.

तेवढ्यात दुपारची तोफ झाली.

सरकारांनी काठी भिवराला दिली. चौथं पुस्तक तिनं ओसरीवर नव्हे, आत बाकावर बसून वाचायचं आणि ते संपलं की मास्तरांच्या शेजारी उभं राहून शिकवायचं, असा हुकूम केला. मग एजंटसाहेबाच्या पत्राला उत्तर लिहायला मास्तरांना पुढं बोलावलं.

"लिहा," सरकार म्हणाले. "दोन तोफा आम्ही रिलिंक्विश करतो."

हे बोलताना त्यांचे दोन्ही हात वर निघाले होते. त्यांनी भिवराकडे पाहिलं, डावा हात मुकाट्यानं मांडीवर ठेवला आणि एकाच मिशीला पीळ दिला.