पूर्ण कुपी

“पण बाई, याहून लहान तुकडा करणार तरी कसा?” सारंगनं विचारलं.

देवस्थळीबाईंनी आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिलं आणि शिकवलं. आता त्या गुहागरला राहतात, आणि लोक आपलं कोड दाखवायला तिथवर जातात. सारंग मात्र दाखवायला कमी आणि शाबासकी घ्यायला जास्त आला होता.

एका इस्पितळासाठी त्यानं प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक तुकड्याला एकच काम, हा त्याचा हट्ट. त्यातला सगळ्यात लाडका तुकडा वजनावरून औषधाची मात्रा काढायचा. बस्स, तेवढंच.

बाईंनी चष्मा लावून तो वाचला.

“शेवटचं कधी बदललंस?”

“आज सकाळी.”

“कुणी सांगितलं?”

औषध भांडारानं. फोडलेली कुपी परत ठेवता येत नाही, म्हणून आकडा पूर्ण कुपीपर्यंत वर न्या, असं त्यांचं म्हणणं होतं. सारंगनं ते एका ओळीत करून दिलं होतं. हे सांगताना त्याची कॉलर जरा ताठच झाली.

“हा आकडा आणखी कोण वापरतं?”

“बालविभाग. चिठ्ठीवर तो छापून येतो, आणि सिस्टर त्यावरूनच बाळांना…”

तो बोलता बोलता अडखळला. चिठ्ठीवर आता बाळाच्या मात्रेऐवजी पूर्ण कुपीचा आकडा छापून येत होता.

“एकच काम आहे बाई,” तो हळूच म्हणाला. “मात्रा काढायची…”

टेबलावरचा त्याचा फोन बाईंनी बोटानं त्याच्याकडे सरकवला.

त्यानं बालविभागाला फोन लावला. पलीकडे सिस्टरनी फोन उचलला. चिठ्ठीवरची मात्रा चुकीची आहे, कुणाला दिली का, एवढं त्यानं कसंबसं विचारलं.

“आजचं पहिलंच बाळ आहे,” सिस्टर म्हणाल्या. “सिरिंज भरलीय. अजून टोचलं नाही.”

“टोचू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच काही देऊ नका.”

फोन ठेवल्यावर तो खाली जमिनीवरच बसला.

“जुनी ओळ परत टाकतो बाई. आत्ताच्या आत्ता.”

“टाक,” बाई म्हणाल्या. “आणि फोन हातातच ठेव. आता भांडाराचा येईल, पूर्ण कुपीचा आकडा कुठे गेला म्हणून.”