शेजारच्या पोराचा चष्मा

फार फार वर्षांपूर्वी, सूर्य उगवून जेमतेम एक घटका झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. नदीकाठच्या जांभळावर एक माकडीण पिल्लाला म्हणाली, "तो बघ, समोरच्या फांदीवर तुझा बाबा."

"कुठली फांदी?" पिल्लानं विचारलं.

झाडावरच्या लेकराला फांदी दिसत नाही, म्हणजे काय!

नदीत एक कासव राहायचं. ते गारगोट्या घासून चष्मे करायचं. माकडीण निघालीच होती, तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "कासवाकडे कशाला गं? ते घासत बसेल, पोराला मिशा फुटतील! माझ्या पोराचा जुना चष्मा पडूनच आहे. त्याची झबली चालली, टोपडी चालली, मग चष्म्यानं काय घोडं मारलं?"

माकडिणीला पटलं. तिनं तो पिल्लाच्या डोळ्यांवर वेलीनं बांधला.

"आई, सगळं विरघळल्यासारखं दिसतंय."

"होईल सवय. काढायचा नाही हं!"

पिल्लानं उडी मारली. हात पुढे केला, तिथे फांदी नव्हतीच.

खाली नदीत धप्पकन आवाज आला. नशीब, कासव जवळच होतं. त्यानं पिल्लाला पाठीवर घेऊन काठावर आणलं.

माकडीण भराभर खाली उतरली आणि लेकराला समोरची फांदी दिसत नसल्याचं तिनं सांगितलं. कासवानं तो चष्मा तिच्या हातात दिला. "बाई, काचेवर अंगठा फिरव."

"मधे फुगलीय."

"ज्याला जवळचं दिसत नाही, त्याला फुगीर काच. तुझ्या बाळाला लांबचं दिसत नाही. त्याला मधे खोलगट काच लागते. आणि किती खोल, ते त्याचा डोळाच सांगेल."

कासव एकेक काच पिल्लाच्या डोळ्यांपुढे धरू लागलं. "ही?" "नाही." जरा जास्त खोल. "ही?" "थोडं थोडं." आणखी जराशी खोल.

पिल्लू ओरडलं, "आई! झाडाला सुटी सुटी पानं असतात!"

माकडिणीनं पिल्लाला जवळ ओढलं. म्हणजे आजवर लेकराला झाड नुसता हिरवा डाग दिसत होतं? आणि मी त्याला धांदरट म्हणत होते!

त्या दिवसापासून त्या रानात झबली घरोघर फिरतात, चष्मा मात्र कुणी कुणाला देत नाही.

बोध एवढाच: ज्याचा डोळा, त्याच्याच मापाची काच हवी, आणि लेकरू दिसत नाही म्हणालं तर आधी त्याचं ऐकावं.

तुमच्या शेजारी कुणी बाळाला दुसऱ्याचा चष्मा घालत असेल, तर त्या आईला ही गोष्ट आजच्या आज सांगा.