सोनजी कोष्ट्याची दृष्टी

भिकोबामहाराज तेव्हा विरखेडला ओढ्याकाठच्या मठीत राहत. गावातला सोनजी कोष्टी त्यांचा भोळा भक्त. माग चालवताना धोटा एकदा इकडून तिकडे गेला, की महाराजांचे नाव घेतलेच म्हणून समजा!

एकदा सोनजीला गोवर निघाला. गोवराच्या रूपाने देवीआई घरी पाहुणी आली म्हणून त्याच्या बायकोने, सगुणेने, दाराला कडुनिंब बांधला, फोडणी बंद केली. ताप उतरला, पुरळ मावळले. निंबाच्या पाण्याने न्हाऊ घातल्यावर सोनजी डोळे चोळत म्हणाला, "सगुणे, दार का लावलंस? काई दिसंना."

दार सताड उघडे होते. ऊन त्याच्या तोंडावर पडले होते.

गावचे देशमुख खंडेराव समाचाराला आले, पण हसायलाच. "आई घरात असताना त्या बुवाचं नाव घेत होतास ना? भोग आता! डोळ्यांवाचून माग कसा चालवणार? बायकोला काय खाऊ घालणार?"

सोनजी रडू लागला. "महाराज, मला दुसरं काई येत न्हाई हो," मठीच्या दिशेने हात जोडून एवढेच तो म्हणाला.

देशमुखांना तेवढ्यानेही चैन पडेना. ते तडक मठीत गेले. महाराज ओट्यावर एकटेच बसले होते. देशमुखांनी चकार शब्द काढला नाही, नुसता अंगठा नाचवला, जीभ काढून वेडावले. महाराजांचे डोळे उघडे होते, पण पापणी हलली नाही.

"आज लवकर अंधारलं," महाराज म्हणाले.

भर दुपार होती! देशमुखांच्या अंगावर काटा आला. ते धावतच सोनजीच्या घरी परतले. सगुणा दारातच उभी होती.

"देशमुख, हे बगा कसं बोलत्यात! भिंतीकडं तोंड करून म्हणत्यात, मला मठीचा ओटा दिसतोय, देशमुख अंगठा नाचवत्यात, जीभ काढत्यात..."

आतून सोनजी सावकाश वळला. त्याची नजर देशमुखांवर ठरली. "आता तुम्ही हितं दिसताय. पागोटं कुठं पाडलंत?"

देशमुख आल्या पावली मठीत धावले. "महाराज, चुकलो! आपले डोळे परत घ्या!"

"घेऊन काय करू?" महाराज म्हणाले. "त्याला तुटलेलं सूत जोडावं लागतं. नाव घ्यायला मला उजेड लागत नाही."

काय ही संतांची करुणा! खंडेरावांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. आशीर्वादासाठी महाराजांचा हात पुढे आला आणि हवेतच चाचपडत राहिला. शेवटी देशमुखांनीच रडत रडत तो धरला आणि आपल्या माथ्यावर ठेवला.