चेअरी आणि सातवी पायरी

“देह नश्वर, असं तुम्हीच सांगता. मग एका पायरीचं एवढं भय कशाला, बुवा?”

अच्युतबुवा नारळाच्या सोडणानं घाटाची सातवी पायरी घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे त्र्यंबक केळुसकर इंग्रजीचे प्राध्यापक. इंग्रजी-मराठी शब्दकोश लिहीत होते आणि शंका काढणं हे तर त्यांचं पगारी कामच होतं. बुवांकडून नाम घ्यावं, रोज त्याचा जप करावा, म्हणून ते तीन दिवसांपासून मठात राहिले होते. पण बुवा रोज सकाळी ही पायरी घासायचे आणि पाण्याकडे उतरणाऱ्या प्रत्येकाला, अगदी धुणं घेऊन आलेल्या बायकांनाही, सांगायचे, “जपून. शेवाळ आहे.”

त्र्यंबकरावांचं मन खट्टू झालं. पायरीला घाबरणारा गुरू आपल्याला भवसागरातून काय तारणार? आज विचारायचं, नाहीतर दुपारच्या एसटीनं घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

“तुझा कोश कुठवर आला?” बुवांनी विचारलं.

“एका इंग्रजी शब्दाशी अडलाय. चेअरी. सी-एच-ए-आर-वाय.”

“म्हणजे?”

“जपून वागणारा. सावध. अर्थ सोपा आहे, मूळ मात्र विचित्र. जुन्या इंग्रजीत हा शब्द दुःखी माणसाला लावायचे.”

“मग?”

“पुढे जिवापाड प्रिय वस्तूलाही लावू लागले. आता उरला नुसता सावध. दुःखाचा आणि सावधपणाचा काय संबंध? मी तिथे प्रश्नचिन्ह घातलंय.”

बुवांचा हात थांबला.

पलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं…

“शिवराम नावाचा शिष्य होता माझा,” बुवा म्हणाले. “तुझ्यासारखाच शंकेखोर. एकदा घागर घेऊन उतरत होता. मी वरच बसलो होतो. पायरी निसरडी झालेली मला दिसत होती. म्हटलं, देह नश्वर आहे, त्याला कशाला टोकायचं…”

ते पुन्हा तीच पायरी घासू लागले.

त्र्यंबकरावांनी पायरीकडे पाहिलं. मधोमध दगड झिजून खळगा पडला होता. सोडणानं दगड झिजतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. किती वर्षं लागली असतील, ते विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

“म्हणजे तुम्हाला अजून भीती वाटते,” ते हळूच म्हणाले.

“तेव्हा वाटायला हवी होती.”

…

त्र्यंबकरावांना आपल्या पहिल्या प्रश्नाची लाज वाटली. त्यांनी पिशवीतून कोशाची वही काढली, पान शोधलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं. पुढे काय लिहावं ते सुचेना. वही मिटून ते बुवांसमोर हात जोडून उभे राहिले.

“बुवा, मला जप द्या.”

बुवांनी ओलं सोडण त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः वर जाऊन बसले.

प्राध्यापकांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सातव्या पायरीवर पाऊल ठेवलं. ते जरासं सरकलं.

“जप,” बुवा म्हणाले.